अकरा वर्षं न घासलेली जाळी

आमच्या घरात माणशी सहा स्वेटर आहेत आणि ते सगळे माझ्या मामाने विणलेले आहेत. मामी विणत नाही, तिला एका जागी बसवत नाही. मामाला मात्र एका जागी बसायला भरपूर वेळ मिळतो, हे आमच्या सगळ्यांच्या अंगावर दिसत होतं. तरी तो वेळ येतो कुठून, हा प्रश्न अकरा वर्षांत आमच्यापैकी एकालाही पडला नाही. आमचं घराणं हुशार आहे असं मामी पाहुण्यांना सांगत असते, म्हणून हे आधीच कबूल केलेलं बरं.

मामा पाणीखात्यात जाळीवाला. सगळं गाव त्याला जाळीमामा म्हणतं. डोंगरातून धावत येणारी नदी गावाच्या वर एका बंधाऱ्याशी थबकते, तिथे काठाच्या दगडी भिंतीत एक चौकोनी तोंड आहे. गावाचं पिण्याचं पाणी त्यातून आत येतं. तोंडावर लोखंडी गजांची जाळी आहे. नऊ फूट रुंद, माणसाच्या उंचीची, जराशी तिरकी उभी. पालापाचोळा, काटक्या, कुणाची वाहून आलेली चप्पल हे सगळं ती अडवते आणि मामा ते काठावरून दाताळ्याने ओढून काढतो. ते सोपं काम. अवघड काम शेवाळाचं. गजांवर शेवाळ धरलं की मधल्या फटी बुजतात आणि गावातल्या वरच्या मजल्यांचे नळ नुसते फुसफुसायला लागतात. म्हणून खात्याचा नियम असा, की जाळीवाल्याने रोज सकाळी मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवून पाण्यात उतरायचं आणि तारेच्या ब्रशाने एकेक गज घासून काढायचा. चांगला दीड तास. पाणी असं गार, की पाय आपलेच आहेत ना हे मधूनमधून वाकून बघावं लागतं.

नदीवर अशा बारा जाळ्या आणि बारा जाळीवाले. त्यांचे रोजचे अहवाल खालच्या ऑफिसात येतात आणि ते टाईप करणारी मी. आई नोकरीसाठी लांबच्या शहरात असल्यामुळे मी लहानाची मोठी मामा-मामीकडेच झाले आणि बारा वर्षांपूर्वी खात्यात चिकटले तीही मामाच्या ओळखीने. अहवालात चार रकाने असतात: पाण्याची उंची, काढलेला पाचोळा, जाळी घासली का, आणि शेरा. तिसऱ्या रकान्यात मामा रोज ‘होय’ लिहायचा आणि मी ते ‘होय’ इमानेइतबारे टाईप करायचे. शेऱ्यात बहुधा काही नसायचं. ‘सर्वात स्वच्छ जाळी’ म्हणून खात्याची पितळी पाटी सलग सहा वर्षं मामाला मिळाली होती. मामीने ती बाहेरच्या खोलीत अशा ठिकाणी लावली होती, की चपला काढायला वाकलेला माणूस वर बघताना आधी तीच बघेल.

यंदा ऑफिसात नवीन अभियंता आल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. हसायला त्यांना बंदी आहे की काय असं वाटावं इतक्या गंभीर, पण कामाला पक्क्या. आल्याआल्या त्यांनी बाराही जाळ्यांच्या पाण्याचे आकडे मागवले आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, “हे जाळीमामा म्हणजे तुमचेच मामा ना? यांची जाळी बाकीच्यांच्या दीडपट पाणी देते. हे घासतात तरी कसं?”

“मन लावून घासतात,” मी म्हणाले. अगदी मान ताठ करून.

झालं. मॅडमनी प्रात्यक्षिक ठरवलं. बाकीचे अकराही जाळीवाले मामाच्या जाळीवर येणार, मामा त्यांना घासून दाखवणार आणि सगळे त्याच्यासारखं घासायला शिकणार. आधीच चकचकीत जाळी घासून दाखवण्यात काही अर्थ नाही म्हणून मॅडमनी हुकूम काढला, ‘प्रात्यक्षिकापूर्वी आठ दिवस जाळी घासू नये.’ तो मीच टाईप केला आणि शिपायाच्या हाती न देता संध्याकाळी स्वतः घरी घेऊन गेले.

मामाने कागद वाचला, पुन्हा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पुढ्यातलं अर्धं जेवण तसंच सोडून उठला. मामीला वाटलं, माणूस संकोचला. मी त्याच्या मागोमाग परसात गेले. तो कपडे वाळत घालायच्या दोरीखाली उभा होता.

“मामा, काय झालं?”

“हे आठ दिवस घासू नको म्हणतात.”

“मग नको घासूस. बरंच आहे की.”

“अगं, मी अकरा वर्षं घासलेलीच नाही.”

मला आधी वाटलं, तो थट्टा करतोय. पण मामाला थट्टा करताना स्वतःलाच आधी हसू येतं आणि आता त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं.

मग त्याने सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी तो बंधाऱ्यावर घसरून पडला आणि त्याचा खांदा निखळला. हे सांगितलं तर खातं बदली माणूस पाठवेल आणि तो माणूस तिथेच ठाण मांडेल, या भीतीने मामाने ताकास तूर लागू दिली नाही. एका हाताने पाचोळा ओढत राहिला, घासणं बंद आणि रकान्यात मात्र ‘होय’. रोज तो धास्तावून बघायचा, आज शेवाळ किती चढलं. चार दिवस चढलं. पाचव्या दिवशी कमी दिसलं. बाराव्या दिवशी गज असे काळेभोर आणि स्वच्छ, की तसे त्याने स्वतः आयुष्यात कधी घासून काढले नव्हते.

“आणि केलं कुणी?”

“मंडळींनी,” मामा म्हणाला.

मंडळी म्हणजे मासे. आमच्या नदीत वरच्या अंगाला बोटापासून वीतभरापर्यंतचे काळपट मासे असतात. गावात त्यांना दगडचाटे म्हणतात. ते खवल्यांऐवजी हाडाच्या पट्ट्या अंगावर वागवतात, एकीवर एक चढवलेल्या, चिलखत घातल्यासारख्या. तोंड पुढे नसतं, खालच्या बाजूला असतं, गोल आणि चोखणारं. त्या तोंडाने दगडाला धरलं, की भर पुरातही ते जागचे हलत नाहीत. खायला मांस नाही, दिसायला रूप नाही, म्हणून त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. त्यांचं खाणं एकच, शेवाळ. मामा रोज घासायचा तेव्हा गजांवर त्यांना खायलाच काही उरत नसे आणि ब्रशाच्या धसक्याने ते फिरकतही नसत. ब्रश थांबला आणि त्यांना ताट वाढून मिळालं. दिवस उजाडायच्या सुमाराला गजागजावर चिकटलेले असतात, ऊन आलं की घसरत खाली दगडांच्या फटीत जातात, असं मामा सांगत होता. सांगताना त्याला भीतीचाही विसर पडला होता.

“खांदा बरा झाल्यावर तरी घासायचं होतंस.”

“म्हटलं, अजून एक आठवडा बघू. डॉक्टरने बोटं हलती ठेवायला सांगितली होती, म्हणून मामीच्या नुसत्या पडून असलेल्या सुया घेऊन काठावरच्या शेडमध्ये विणायला बसलो. मग बाही अर्धी राहिली होती. मग पाटी मिळाली. पाटी मिळाल्यावर कुठल्या तोंडाने सांगू?”

मी त्याच्यावर जाम भडकले. चार हजारांवर ‘होय’ टाईप केले होते मी, आणि एकही खरं नव्हतं. त्यातून मॅडमसमोर मान ताठ केली ती वेगळीच. पण मामाकडे बघितलं आणि राग पुढे सरकेना. नोकरीची भीती त्याला होतीच. त्याहून मोठी भीती होती त्या अकरा जणांची. ते रोज पाण्यात उतरून गुडघे गारठवत होते आणि पाटी याच्या घरात लागत होती. वरच्या जाळीवरचे मिशीवाले तर त्याचे जुने दोस्त. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना आता पट्टे आहेत. त्यांच्यासमोर खोटा पडायच्या विचाराने मामा दोरीवरचा एकच चिमटा पुन्हा पुन्हा काढून लावत होता.

“ऐक,” मी म्हणाले. “आठ दिवसांत जाळी घाण झाली पाहिजे. म्हणजे तू चारचौघांसारखा घासून दाखवशील आणि विषय संपेल.”

आता हे म्हणायला सोपं होतं. जाळी स्वच्छ करायचे नियम खात्याने अठरा पानं भरून लिहिले आहेत, जाळी घाण कशी करावी याबद्दल मात्र एक ओळ नाही. मामाने पहिल्या दिवशी कालव्यातून दोन बादल्या शेवाळ आणलं, त्यात कणकेची खळ कालवली आणि गजांवर थापलं. संध्याकाळी जाळी अशी हिरवीगार, की मला आशा वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी गज लख्ख. मंडळींनी खळीसकट चाटून पुसून खाल्लं होतं, आणि एरवी चाळीसेक यायचे ते त्या दिवशी साठ तरी असतील. मेजवानीची बातमी वरपर्यंत गेली असणार.

मग मी सुचवलं की मंडळींनाच हलवू. मी दोन दिवसांची रजा टाकली. मामीला सांगितलं, जाळीपाशी पाहुण्यांसाठी झाडलोट करायचीय. भल्या सकाळी आम्ही दोघं पाण्यात उतरलो आणि एकेकाला गजावरून सोडवून टबात टाकायला लागलो. सोडवताना ‘चक’ असा बारीक आवाज येतो. पन्नास झाले, साठ झाले. एक वीतभर लांबीचा बहाद्दर माझ्या स्वेटरच्या बाहीत अडकला. या माशांच्या गालांवर काट्यांचे झुबके असतात, चिडले की ते झुबके ताठ उभे राहतात. मी ओढते तो आणखी रुततो.

“ओढू नकोस,” मामा म्हणाला. “पुढे ढकल. त्याला जिकडे जायचंय तिकडे जाऊ दे.”

पुढे ढकलल्यावर तो अलगद सुटला. बाहीला पडलेली भोकं मात्र तशीच राहिली. दोन टब उचलून आम्ही पाचशे पावलं वर, लाकडी साकवापाशी गेलो आणि सगळ्यांना तिथे सोडून आलो. चढ असा, की मी मध्ये तीनदा बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गजांवर मोजून सत्तेचाळीस. एक नुकताच येत होता, दगड धरत, थांबत, पुन्हा धरत, सकाळी कामावर निघालेल्या माणसासारखा. माझी रजा गेली आणि मामाचा चिवट उत्साहही गेला. मी मात्र हसत सुटले. इतकं हसू आलं, की पाण्यातच उभी राहून दोन्ही हातांनी जाळी धरून हसले.

असे सात दिवस गेले. जाळी एका बोटाएवढीही मळली नाही. आठव्या दिवशी दुपारी मी ऑफिसातून थेट बंधाऱ्यावर गेले, तेव्हा मामा गुडघाभर पाण्यात वाकून जाळीच्या पायथ्याचे दगड उलटे करत होता. दिवसा मंडळी तिथेच दडतात. सगळी मुळापासून हलवायची आणि रात्रभरात जेवढं शेवाळ धरेल तेवढं धरेल, असा त्याचा हिशेब होता.

एक चपटा दगड त्याने उचलला आणि थांबला. मलाही हाताने खुणावलं. दगडाच्या खालच्या अंगाला पिवळ्या अंड्यांचा पुंजका होता, बांगडीएवढा, आणि त्याला बिलगून एक दगडचाट्या. इतर सगळे मासे दगड हलला की सुळकन पळायचे. हा पळाला नाही. मामाने त्याच्यापाशी बोट नेलं. त्याने गालांवरचे काटे ताठ केले आणि अंड्यांच्या आणखी जवळ सरकला. परांनी अंड्यांवर पाणी घालणं त्याने तेवढ्यातही थांबवलं नाही.

“आई?” मी विचारलं.

“बाप. यांच्यात बाप सांभाळतो. पिल्लं फुटेपर्यंत तो फारसा बाहेरही पडत नाही.”

मामाने दगड होता तसा परत टेकवला. तो नीट बसेना, एका अंगाने डुगडुगत होता. मामा पाण्यात चाचपून लहान लहान खडे घेत होता, खाली सारून बघत होता, काढून दुसरा लावत होता. सहावा खडा बरोबर बसला. दगड हलायचा थांबला. मामा ताठ उभा राहिला तेव्हा त्याचे हात लाल झाले होते आणि डोळेही.

“मी यांच्या जिवावर अकरा वर्षं बसून खाल्लं,” तो म्हणाला. “आणि माझं खोटं झाकायला यांचीच घरं उलटीपालटी करतोय. लाज वाटली मला. उद्या सांगून टाकतो.”

“नोकरी गेली तर?”

“तर मामीला सांगायचं काम तुझं.”

दुसऱ्या दिवशी दहाला सगळे जमले. अकरा जाळीवाले काठावर ओळीने उभे, मॅडम, त्यांची वही, खात्याचा फोटोग्राफर. मॅडमनी मामासाठी नवा कोरा ब्रश आणला होता. मामाने चाक फिरवून बंधाऱ्याचं दार उघडलं, पाणी उतरलं आणि जाळी जवळजवळ पायथ्यापर्यंत उघडी पडली. एकेक गज उन्हात नुसता चमकत होता. घाईघाईने खाली सटकणारे पाचसहा मासे सगळ्यांनी पाहिले.

मॅडम जाळीकडे बघत राहिल्या. “आठ दिवस घासू नका असा हुकूम होता. मिळाला नाही का?”

“मिळाला, मॅडम. आठ दिवस घासली नाही,” मामा म्हणाला. “आणि त्याआधी अकरा वर्षंही घासलेली नाही. जाळी हे मासे साफ करतात. मी फक्त पाचोळा काढतो आणि त्यांच्या मध्ये येत नाही. ‘होय’ खोटं लिहिलं. माझ्या भाचीला यातलं काही माहीत नव्हतं.”

मला मामाचा अभिमान वाटला आणि त्याच्या नोकरीची धास्तीही.

मिशीवाले पुढे आले. “म्हणजे मी इतकी वर्षं पाण्यात गुडघे मोडून घेतले,” ते हळू म्हणाले, “आणि तू शेडमध्ये बसून काय करत होतास?”

“स्वेटर विणत होतो,” मामा म्हणाला. “तुमच्या अंगात आहे तोही.”

मिशीवाल्यांनी खाली स्वतःच्या छातीकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिशीत दिसेनासे झाले. ते रडतायत की चिडलेत हे कळेना, आणि मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी मामाच्या पाठीत असा धपाटा घातला, की तो पाण्यात पडायचा राहिला. “नालायका,” ते म्हणाले, “अरे, मला तरी सांगायचंस. तुझी पाटी मी हिसकावून घेणार होतो का?”

“चुकलो,” मामा म्हणाला.

मॅडम या हसण्यात नव्हत्या. त्या बूट घालून पाण्यात उतरल्या, जाळीच्या पायथ्याशी वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मामाने त्यांना तो चपटा दगड दाखवला आणि तेवढा हलवू नका म्हणून सांगितलं. वर आल्यावर त्या सगळ्यांना घेऊन शेडमध्ये गेल्या, टेबलाशी बसल्या आणि एकापाठोपाठ एक सांगत गेल्या. पितळी पाटी परत करायची. खोट्या नोंदींबद्दल मामाच्या नोकरीच्या पुस्तकात ताकीद लागेल आणि ती पुसली जाणार नाही. वरच्या तीन जाळ्यांवर महिनाभर ब्रश बंद ठेवून बघायचं. पहिली जाळी कोण देतं, असं विचारताच मिशीवाल्यांचा हात वर गेला.

“आणि मी?” मामाने विचारलं. “उद्यापासून येऊ की नको?”

“आजचा अहवाल आधी भरा,” मॅडम म्हणाल्या. “खरा भरा.”

मामा बाकावर बसला. पाण्याची उंची लिहिली, पाचोळा लिहिला. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं, मग त्याने ठळक अक्षरांत ‘नाही’ लिहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यात तो कितीतरी वेळ लिहीत राहिला. कागद मॅडमकडे जाताना मी वाकून वाचला. ‘जाळी माशांनी साफ केली. अंदाजे पन्नास हजर. एक गैरहजर, दगडाखाली अंडी सांभाळत आहे. पिल्लं फुटेपर्यंत येणार नाही.’

मॅडमनी ते वाचलं. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. पेनचं टोपण काढून त्यांनी शेऱ्याखाली लिहिलं, ‘रजा मंजूर’, खाली सही केली, तारीख टाकली आणि कागद मामाच्या हातात परत दिला.

“उद्या वेळेवर या,” त्या म्हणाल्या. “त्याच्या वाटचं काम कोण करतंय ते बघायला कुणीतरी पाहिजे.”